क्वीवा, कीवा

माझ्या नावात सात अक्षरं आहेत
आणि त्यांतली बरीच कामचुकार.
म च्या शेजारी ह येऊन बसला
की दोघं मिळून व होतात,
म्हणजे कुणीच आपलं काम करत नाही
आणि काम मात्र होतं.
बॉस्टनच्या विमानतळावर खिडकीतल्या माणसानं
पासपोर्ट लांब धरला, जवळ धरला,
म्हणाला, का-ओ-इम-हे?
मी म्हटलं, हो. मागे रांग होती.

धाकट्याचं सोपं. टाइग.
टायगर म्हणायला निघायचं आणि र यायच्या आत थांबायचं.
शाळेत नव्या बाईंनी त्याला टॅडग म्हटलं
तेव्हा तो बाकाखाली जाऊन बसला
आणि खरं नाव येईपर्यंत बाहेर आला नाही.

माझं तसं नव्हतं. माझी खरी नावंच दोन.
आई केरीची, समुद्रात जिभेसारखी
बाहेर काढलेली जमीन आहे, तिच्या शेंड्यावरची.
बाबा डनिगॉलचे, पार वरचे.
मध्ये बसचा एक अख्खा दिवस.
आईच्या तोंडी मी क्वीवा,
ओठ आधी गोल, मग रुंद,
गरम बटाट्यावर फुंकर घातल्यासारखी.
बाबांच्या तोंडी कीवा,
फाटकाची कडी पडावी तशी.
जिन्याखालून हाक आली
की वर बसल्या बसल्या कळायचं
कोण बोलावतंय, आणि साधारण कशाला.
क्वीवा म्हणजे कपडे वाळत घाल.
कीवा म्हणजे मेंढी कुंपणात अडकलीय, ये.

गावानं आईला आल्या दिवसापासून ब्रीज केलं.
लग्नात नाव बदललं नव्हतं,
कागदावर तीच चार अक्षरं,
ई च्या डोक्यावर तीच तिरकी रेघ,
फक्त शेवटचा द गावानं दातांवरून उचलला
आणि टाळूला नेऊन लावला.
दुकानात ब्रीज, चर्चमध्ये ब्रीज,
डॉक्टरांच्या यादीत ब्रीज.
ती कुणाला काही बोलली नाही.
फोन उचलला की मात्र म्हणायची,
ब्रीद बोलतेय.

एकटे बाबा तिला ब्रीद म्हणायचे.
पहिल्या वर्षी ट्रॅक्टरवर बसून सराव केला म्हणे,
इंजिन चालू ठेवून, कुणी ऐकू नये म्हणून.
ऐकलंच. पबला ते वर्षभर पुरलं.
घाईत, रागात, एकदा गोठ्याच्या छपरावरून पडताना
जीभ घसरून ज वर गेली
की ते तिथंच थांबायचे, मागे यायचे,
आणि द नीट जागेवर ठेवून द्यायचे.
एक्केचाळीस वर्षं.
तीही गावाच्या मॅनसला
शेवटपर्यंत मॉनस म्हणाली,
पण तिला सराव लागला नाही. तो हट्ट होता.

स्लायगोहून पाथरवट आला,
टोपी हातात घेऊन विचारू लागला,
कसं म्हणायचं, मॅनस की मॉनस?
आई म्हणाली, तुला कोरायचंय की गायचंय?
त्यानं कोरलं. पाच अक्षरं, एक तिरकी रेघ.
दगड काही बोलला नाही.

मार्चमध्ये मी घरी गेले.
सकाळी खाली फोन वाजला.
ब्रीज बोलतेय, आई म्हणाली.
पलीकडे केरीची मावशी असावी,
कारण आईला थोडं थांबून
पुन्हा सांगावं लागलं,
अगं, मीच.

मग जिन्याखालून हाक.
कीवा.

क नंतरची फुंकर काढून टाकलेली,
कडी पडल्यासारखी.
मी आधी खिडकीशी गेले, सवयीनं.
मेंढ्या सगळ्या कुंपणाच्या आत होत्या,
वाऱ्याकडे पाठ करून.

मी खाली उतरले.
ती दाराशी उभी होती,
ओल्या कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन.